फौजेच्या पैशावर देवाचं शिक्षण

दर महिन्याच्या शेवटी माझ्या फोनवर सरकारी मेसेज येतो. तुम्ही अजून शिकताय का? शिकत असाल तर YES लिहून पाठवा. नाही पाठवलं तर राहण्याच्या खर्चाचे पैसे थांबतात. पहिल्या वर्षी मी मेसेज धड न वाचताच YES पाठवून मोकळा व्हायचो. आता फोन हातात घेऊन नुसता बसून राहतो. शिकतोय हे खरं आहे. कशाला शिकतोय, हे मात्र मला सांगता येत नाही, आणि सरकार ते विचारत नाही.

अमेरिकन फौजेत काही वर्षं काढली की सुटताना शिक्षणाचा हक्क मिळतो. फी, पुस्तकं, राहणं, सगळं सरकार बघतं. माझ्याबरोबर सुटलेल्यांपैकी एक जण वेल्डिंग शिकला, एक विमानाची इंजिनं दुरुस्त करायला शिकला, दोघं-तिघं नर्सिंगला गेली. मी वॉशिंग्टनच्या बाहेर, ॲशबर्नमध्ये राहतो. इथं दगड भिरकावला तर तो डेटा सेंटरच्या भिंतीला तरी लागेल, नाहीतर त्यात काम करणाऱ्या मराठी माणसाला तरी. त्यामुळे मी डेटा सायन्स शिकलो असतो तर कुणी मान वळवूनही बघितलं नसतं. मी वॉशिंग्टनजवळच्या एका डिव्हिनिटी स्कूलमध्ये नाव घातलं. धर्म, शोक, मरण आणि आजारी माणसाच्या उशाशी कसं बसायचं, याचं शिक्षण. ते घेतलं की चॅप्लन होता येतं. फौजेत, हॉस्पिटलात, तुरुंगात लोकांच्या सोबतीला धर्माचा म्हणून जो माणूस नेमलेला असतो, तो चॅप्लन. मराठीत त्याला शब्द नाही. शब्द नसण्याचा इतका त्रास होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "इंजिनिअर झाला, मंग शिपाई झाला, आता का भट होतो?"

"भट नाही गं. वेगळं असतं हे."

"आपल्याले होऊ देतीन का पण?"

"इथं सगळं चालतं," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे.

तिचं 'आपल्याले' सांगायला हवं. आम्ही न्हावी. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी आजोबांचं दुकान होतं, आणि गावात कुणी गेलं की दहाव्याला नदीवर डोकी भादरायला त्यांना बोलावणं यायचं. भटजी एका बाजूला बसून मंत्र म्हणत, आजोबा दुसऱ्या बाजूला उकिडवे बसून वस्तरा चालवत. तोंड चालवायचं काम एकाचं, हात चालवायचं दुसऱ्याचं. हे ठरलेलं होतं आणि त्यावर घरात कुणी चकार शब्द काढत नसे. वडिलांनी वस्तरा हातात धरला नाही, ते शाळेत क्लार्क झाले. मी इंजिनिअर होऊन अमेरिकेत, ॲन आर्बरला पुढचं शिकायला आलो. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो आपण त्यातून.

ॲन आर्बरला डिग्री मिळाली, नोकरी मिळेना. व्हिसाचे दिवस संपत आले. त्या काळात फौज भाषा येणाऱ्या परदेशी माणसांना घ्यायची आणि बदल्यात नागरिकत्व द्यायची. हिंदीची परीक्षा देऊन मी भरती झालो. देशप्रेम वगैरे काही नव्हतं. बर्फाला विटलो होतो आणि हात हलवत घरी परत जायची लाज वाटत होती, एवढंच. पहिल्याच दिवशी माझं डोकं भादरलं. मशीन फिरवणारा माणूस डोक्याकडे बघतसुद्धा नव्हता. आजोबांनी ते काम बघितलं असतं तर त्याला तिथून उठवून स्वतः मशीन हातात घेतलं असतं.

टेक्सासच्या तळावर मी गोदामात होतो. बूट, मोजे, तंबू, स्लीपिंग बॅगा. आमच्या तुकडीत न्यू जर्सीचा एक गुजराती मुलगा होता, विशीतला, सतत खाण्याबद्दल बोलणारा. सरावाच्या वेळी ट्रक उलटला आणि तो त्याखाली सापडला. तळावर त्याची शोकसभा झाली. आमचा चॅप्लन दक्षिणेकडचा, आडव्या अंगाचा, मनानं फार भला पाद्री होता. तो सभेच्या आधी माझ्याकडे आला आणि म्हणाला, तू हिंदू आहेस, तुमच्यातलं काहीतरी म्हण, मी बायबल वाचून त्याच्या आईला परकं वाटायला नको.

मी पुढे गेलो. सगळी तुकडी मान खाली घालून उभी. पहिल्या रांगेत त्याची आई. मी हात जोडले, डोळे मिटले आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काहीही उरलं नाही. मग तोंड आपोआप उघडलं आणि चालीसकट बाहेर आला तो शाळेत डबा उघडण्याआधी सगळा वर्ग मिळून म्हणायचा तो श्लोक. जेवणाचा. सुरू केल्यावर मला कळलं, पण मध्येच कसं थांबणार? पूर्ण म्हटला. चॅप्लननं पाठीवर हात ठेवला, म्हणाला, अंगावर काटा आला. त्याची आई माझ्याजवळ आली, तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. तिला मराठी येत नव्हतं. पण अन्नाला गुजरातीतही अन्नच म्हणतात. तिला कळलं असणार. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

बराकीत येऊन मी आधी हसलो आणि मग इतका रडलो की शेजारच्या कॉटवरचा पाणी घेऊन आला. त्या दिवशी मी ठरवलं की आपलं माणूस असं परक्या मुलखात गेलं तर त्याच्यापाशी उभं राहून काय म्हणायचं, ते शिकायचं. माझ्यावर आली ती पाळी दुसऱ्या कुणावर येऊ द्यायची नाही. आयुष्यात मी पहिल्यांदा एखादी गोष्ट कुणी न सांगता ठरवली होती.

डिव्हिनिटी स्कूलमध्ये वर्गात मी एकटाच हिंदू. सगळे चांगले वागायचे, जरा जास्तच चांगले. मरणाबद्दलची चर्चा निघाली की वर्ग माझ्याकडे वळायचा, तुमच्या परंपरेत काय म्हणतात म्हणून. माझ्या परंपरेत वस्तऱ्याला धार कशी लावतात ते मला ठाऊक होतं. संस्कृत मी तिथंच शिकलो, रोमन अक्षरांतून, एका आयरिश वंशाच्या बाईंकडून. त्यांचे उच्चार माझ्याहून शुद्ध होते. मी हट्टानं सगळं पाठ केलं. अंत्यसमयी काय म्हणतात, नंतर काय, कुणी म्हणायचं. आणि त्याहून अवघड म्हणजे आधी गप्प बसायला शिकलो. खोलीत जायचं, खुर्ची ओढून बसायचं, आपल्याला काय येतं ते दाखवायचं नाही.

आमच्या मराठी मंडळात मात्र कुणी गप्प बसलं नाही. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत एकानं विचारलं, "आर्मी म्हणजे इंडियन आर्मी ना?" दुसरा म्हणाला, "गव्हर्मेंट फुकटात शिकवतंय आणि तू हे घेतलंस? सायबर सिक्युरिटी कर ना यार, आर्मीचा सिक्युरिटी क्लिअरन्स पण असेल तुझा." मी पाद्री होतोय अशीही एक बातमी फिरून आली. बायको इथल्याच एका कंपनीत सर्व्हर सांभाळते, तिचं तोंड माझ्यापेक्षा तिखट आहे. ती म्हणायची, "यांना सांग, मेल्यावर क्लाउडवरच जाणार आहात, तिथलं लॉगिन हाच देणार आहे." आम्ही गाडीत बसून हसायचो. तेव्हा अजून हसू येत होतं.

खरी मेख पुढे होती. चॅप्लन व्हायला नुसती डिग्री पुरत नाही. तुमच्या धर्माच्या एखाद्या संस्थेनं 'हा आमचा माणूस आहे, आमच्या वतीनं बोलू शकतो' असं सांगावं लागतं. सरकार फी भरेल, घरभाडं देईल, पण 'हा आमचा' हे सरकारला म्हणता येत नाही. मी आमच्या देवळाच्या कमिटीकडे गेलो. चहा दिला, कौतुक केलं, "सुपर इनिशिएटिव्ह" म्हणाले. मग कोपऱ्यातल्या एका काकांनी फार गोड आवाजात विचारलं, "मुंज वगैरे झालेली आहे ना?" मी नाही म्हणालो. "नाही, सहज विचारलं," ते म्हणाले. "बघू. पुढच्या मीटिंगला घेऊ." पुढची मीटिंग झाली, तिच्या पुढची झाली. कुणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं.

अशात कमिटीतल्याच एकाचा फोन आला. माझ्याच वयाचा, पुण्याचा, भला माणूस. त्याचे आईवडील सहा महिन्यांसाठी आले होते आणि वडिलांना स्ट्रोक आला होता. मी जिथं प्रशिक्षणासाठी जात होतो त्याच हॉस्पिटलात ते होते. "तू बाबांजवळ बसशील का? त्यांना मराठी बोलायला कुणीतरी हवंय. माझी मुलं इंग्लिशमध्येच बोलतात," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "आणि तुझं ते पेंडिंग आहे ना, ते मी मूव्ह करतो. मी स्वतः बघितलंय म्हणून सांगता येईल." मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. माझी सगळी वर्षं आता या एका खोलीवर येऊन ठेपली होती.

खोलीत गेलो तर त्याच्या आईनं, काकूंनी, माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. "चॅप्लन म्हणजे काय रे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"आपले गुरुजी असतात ना, तसंच समज."

काकू ताडकन उठल्या. "भटजी? आत्ताच कशाला भटजी? चांगले बोलतायत ते!"

आजाऱ्याच्या खोलीत भटजी आला याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो, हे मला एकाही पुस्तकात सापडलं नव्हतं आणि स्वतःला सुचलंही नव्हतं. मी घाईघाईनं म्हणालो, "भटजी नाही काकू, मी नुसता गप्पा मारायला आलोय." पलंगावरचे काका अर्ध्या तोंडानं हसले. "बस रे," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. "फौजेत होतास म्हणे. तोफ चालवलीस का?"

"नाही काका. गोदामात होतो. मोजे मोजायचो."

"म्हणजे माझ्यासारखाच," काका म्हणाले. ते वीज मंडळात होते, सगळी नोकरी स्टोअरमध्ये. तारा आणि खांब मोजण्यात हयात गेली. आमचं तिथंच जमलं.

मी रोज जाऊ लागलो. एकदा काकू खाली जेवायला गेल्या होत्या आणि काका बराच वेळ खिडकीकडे बघत होते. मग म्हणाले, "मला भीती वाटते रे."

"कसली, काका?"

"इथं मरायची. ह्यांचं सगळं स्वच्छ आहे, नर्स प्रेमळ आहेत. पण मी जाताना कानावर काय पडणार? ती मशीनची टीं टीं." त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. "तुला येतं ना म्हणायला? शिकलायस ना?"

"येतं."

"मग त्या वेळी म्हण. आपल्या माणसाच्या तोंडून ऐकू दे. असशील ना?"

"असेन," मी म्हणालो. त्या दिवशी घरी जाताना, ट्रॅफिकमध्ये, मी ते सगळं पहिल्यापासून मोठ्यानं म्हणून बघितलं. कुठंही अडलो नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी सफरचंद कापून दिलं आणि विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही?" मी गाव सांगितलं. "आडनाव काय म्हणालात?" तेही सांगितलं. आमच्या आडनावावरून लगेच अंदाज येत नाही. मग वडील काय करत, झालं. मग आजोबा. हा जिना कुठं जातो ते प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असतं. मला कंटाळा आला होता. मी सांगून टाकलं.

"अच्छा," काकू म्हणाल्या.

त्यात राग नव्हता, तिरस्कार नव्हता. कपाटात एखादी वस्तू जागच्या जागी ठेवल्यावर माणूस म्हणतो ना, तसं ते अच्छा होतं. त्यांनी मला सफरचंदाची आणखी एक फोड दिली.

आणि दोन दिवसांनी मी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "यांची दाढी किती वाढलीय बघा. तुम्हाला येत असेल ना करता?"

मला एकदम काही कळलंच नाही. मग कळलं. काकांना रक्त पातळ करायची औषधं चालू होती, म्हणून नर्सनं विजेवरचं मशीन आणून दिलं. मी आयुष्यात दुसऱ्या कुणाची दाढी केली नव्हती. गालाची कातडी दोन बोटांनी ताणून धरायची असते, हे आजोबांना बघून माहीत होतं. मी केली. काकांनी डोळे मिटून घेतले होते, त्यांना बरं वाटत होतं, आणि तेवढ्यापुरतं मलाही बरं वाटलं. काकू समाधानानं म्हणाल्या, "छान झाली हो. हाताला वळण आहे." त्या मुद्दाम बोलल्या नाहीत याची मला आजही खात्री आहे. मुद्दाम बोलल्या असत्या तर ते इतकं लागलं नसतं.

घरी बायकोला सांगितलं तर तिनं हातातलं लाटणं आपटलं. "उद्यापासून जायचं नाही तिथं." मी म्हणालो, काकांना शब्द दिलाय. ती म्हणाली, "आणि कमिटीचं ते?" मी म्हणालो, तेही आहे. खोटं कशाला बोलू.

दुसरा स्ट्रोक आला तो काकांना घेऊनच जाणार, हे डॉक्टरांनी सांगितलं. मी सकाळी पोचलो तेव्हा काका शुद्धीत नव्हते, श्वास मधे मधे अडखळत होता. मुलगा पायाशी, काकू उशाशी. काकूंनी पुण्याच्या त्यांच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला होता. तिकडे संध्याकाळ होती, मागं भिंतीवर ट्यूबलाइट दिसत होती. "जरा धरा हो फोन, त्यांच्या कानाशी," काकू मला म्हणाल्या. मी धरला. गुरुजींनी सुरू केलं. प्रत्येक ओळ मला येत होती. गुरुजींनी म्हणायच्या आत पुढची ओळ माझ्या ओठांशी येऊन थांबत होती.

मग गुरुजी तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजले. आवाज गेला. फोनवरचं चक्र गोल गोल फिरत राहिलं. काकांचा श्वास आत गेला आणि फार वेळानं बाहेर आला.

मुलानं माझ्याकडे बघितलं. "तू म्हण ना. प्लीज."

मी फोन खाली घेतला आणि काकांच्या कानाशी वाकलो.

"नको," काकू म्हणाल्या. आवाज हळू होता, जवळजवळ विनवणीचा. डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही नका म्हणू. लागेल फोन परत."

मुलानं मान खाली घातली. कुटुंबाची इच्छा शेवटची, असं आम्हाला शिकवतात. पण मी गप्प बसलो तो शिकवलंय म्हणून नाही. ती बाई नवऱ्याला चुकीच्या तोंडून काही ऐकू जाऊ नये म्हणून थरथरत होती, आणि त्या चुकीच्या तोंडाला तिच्यापुढं उघडायची हिंमत झाली नाही. काकांना हे हवं होतं, त्यांनी माझं मनगट धरून मागितलं होतं, हे सांगायला सुद्धा मला तोंड उघडावं लागलं असतं. मी सरळ उभा राहिलो आणि फोन पुन्हा त्यांच्या कानाशी धरला. खोलीत मशीनचा तेवढा आवाज होता. काका त्यातच गेले.

थोड्या वेळानं हातातला फोन परत लागला. गुरुजींचा चेहरा परत आला.

"हॅलो? आवाज येतोय का माझा?"

मुलाची मान खालीच होती.

"येतोय," मी म्हणालो.